आतला बॉल

(बहारीन. शुक्रवार, दुपारचे तीन. जनाबियाहून रिफाच्या मैदानाकडे निघालेली गाडी. पुढे डावीकडे ड्रायव्हर बाळाजी, त्याच्या उजव्या हाताला दुभाषी स्पृहा, मागच्या सीटवर पिचर तोकुनागा. स्पृहा आणि तोकुनागा आपसांत जपानीत बोलतात, ते बाळाजीला कळत नाही. बाळाजीची मराठी तोकुनागाला कळत नाही.)

स्पृहा : बाळाजी, हा राउंडअबाउट आपण मघाशीच घेतला.

बाळाजी : न्हाई ओ ताई. हमद टाऊनात समदे राउंडअबाउट सारखेच दिसत्यात.

स्पृहा : म्हणूनच त्यांना नंबर दिलेत. सात. मघाशीही सातच होता, आणि कोपऱ्यावर हेच लाल पाटीचं कोल्ड स्टोअरचं दुकान होतं.

बाळाजी : आसंल. एक्झिट चुकली आसंल माजी.

स्पृहा : बारा वर्षं या देशात गाडी चालवताय. सीफ मॉलच्या पार्किंगमधून बाहेर कसं पडायचं ते मला तुम्ही शिकवलंत. तुमची एक्झिट चुकली?

बाळाजी : मानूस चुकतो की. बसा निवांत.

तोकुनागा : बाळा-सान? आपण गोल फिरतोय का?

स्पृहा : रस्त्याचं काम चालू आहे, तोकुनागा-सान. चारला बोलावलंय, वेळेत पोचू.

तोकुनागा : फिरू दे. स्पृहा-सान, त्या लीगच्या माणसाला फोन करून सांगाल का, की माझा खांदा दुखतोय?

स्पृहा : दुखतोय का?

तोकुनागा : नाही. दुखत होता तेव्हा मी वर्षानुवर्षं ‘दुखत नाही’ म्हणत आलो. आज खरंच दुखत नाहीये, तर दुखतोय म्हणावंसं वाटतंय.

बाळाजी : काय म्हनत्यात सायेब?

स्पृहा : उशीर होईल का, विचारतायत.

बाळाजी : मफी मुश्किल, कायबी अडचन न्हाई, सांगा त्येंला. मैदानवाल्या अम्मारनं समदं उघडून ठिवलंय. त्यो दुबईच्या लीगचा मानूस पाचपतोर थांबनार हाय. निवडीला वीस बॉल टाकायचं, वीस. रोज सकाळी शंभर टाकत्यात.

स्पृहा : तोकुनागा-सान, तुमची माहिती मला त्या माणसाला इंग्रजीत वाचून दाखवायची आहे. आत्ताच एकदा तपासून घेऊ या का? बोलत राहिलं की बरं वाटतं.

तोकुनागा : वाचा.

स्पृहा : अठराव्या वर्षी शाळेतून थेट व्यावसायिक संघात निवड. शाळेच्या शेवटच्या स्पर्धेत एका दिवसात एकशे चौऱ्याहत्तर चेंडू.

तोकुनागा : ते गाळा. लोक ऐकून कौतुक करतात. दुसऱ्या दिवशी मला दात घासायला हात वर नेता येईना, आईने घासून दिले. वर्तमानपत्रात माझा फोटो होता, तो तिने दुसऱ्या हातात धरला होता.

स्पृहा : गाळते. पंचविसाव्या वर्षी कोपराचं ऑपरेशन. मग पुन्हा मोठ्या संघात, सर्वांत चांगल्या मोसमात तेरा विजय. आणि इथे, तिसाव्या वर्षी, ऑगस्टनंतर कागद कोराच आहे. पुढच्या वर्षी संघाने सोडलं, दोन वर्षं छोट्या लीगमध्ये, मग पत्नीची, म्हणजे आयाको मॅडमची, बदली झाली आणि तुम्ही त्यांच्याबरोबर बहारीनला. त्या ऑगस्टसमोर दुखापत लिहू?

तोकुनागा : लिहा. फक्त माझी नाही.

स्पृहा : म्हणजे?

तोकुनागा : तुम्हाला बेसबॉल कळतो?

स्पृहा : मला ताळेबंद आणि भाडेकरार कळतात. मॅडमच्या मीटिंगा सोडून कशाचंच भाषांतर केलेलं नाही मी इथे.

तोकुनागा : बॅटरच्या अंगाजवळून जातो तो आतला चेंडू. तो टाकता आला नाही तर बॅटर निर्धास्त होतो, पुढे सरकून सगळं फोडून काढतो. पिचरचं पोट त्या एका चेंडूवर असतं. त्या दिवशी मी आत टाकला, आणि बोटांतून सुटतानाच मला कळलं. बावीस वर्षांचा मुलगा होता. कानशिलावर लागला. त्याचा डावा डोळा गेला.

स्पृहा : मला माहीत नव्हतं.

तोकुनागा : मी हॉस्पिटलात गेलो. आमच्याकडे अशा वेळी मिठाईचा खोका घेऊन जातात. दारात त्याची आई उभी होती. मी वाकायच्या आत ती वाकली, कमरेतून. म्हणाली, ‘आमच्या मुलामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा. तोच जरा जास्त पुढे उभा राहिला.’

स्पृहा : तिने माफी मागितली? तुमची?

तोकुनागा : ती माझ्यावर ओरडली असती तर मी अजून खेळत असतो. त्यानंतर माझा चेंडू आत जाईना. हात वर जायचा, बोटं ऐनवेळी वळायची. दोनच मोसमांत सगळ्यांना कळलं.

बाळाजी : लई मोठं सांगत्यात. त्या पोराचं का?

स्पृहा : तुम्हाला माहीत आहे ते?

बाळाजी : फोनवर दावला हुता एकदा. पोरगा खाली पडतो तितवर दावला आन् बंद केला. फोन आसा पालथा ठिवला.

स्पृहा : दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवा, बाळाजी.

बाळाजी : ठिवतो. तुमाला सांगतो ताई, आठ म्हयनं झालं. म्या कंपाउंडात झाडास्नी पानी घालत हुतो, आन् सायेब एकलेच भिताडावर बॉल मारत हुते. म्या म्हनलं, भिताड पडंल ओ, माज्याकडं टाका. आमच्या पाटणकडं कापनी झाली की वावरात क्रिकेट, तीस वरसं खेळलोय. वाटलं, ह्यो काय बॉल. पयलाच बॉल आला आन् करंगळीशेजारचं बोट गेलं वाकडं.

स्पृहा : दाखवू नका. रस्ता बघा.

बाळाजी : त्येंला मराठी येत न्हाई, मला जपानी येत न्हाई. म्हनून दोनच शबुद शिकवलं. आत आन् भाईर. म्या हातातला झेलायचा मोजा जिथं धरीन, त्यो शबुद म्हनायचा. पयलं तीन म्हयनं म्या आत म्हनायचो आन् बॉल भाईर. मंग एक दिस आला आत. सायेब तितंच खाली बसलं, आन् मी बी बसलेलाच हुतो. दोगं बी बसून.

तोकुनागा : बाळा-सान? माझ्याबद्दल बोलतायत का?

स्पृहा : तुमचा चेंडू परत कसा आला ते सांगतायत.

तोकुनागा : मोजा समोर असला की येतो. माणूस उभा राहिला की वेगळं. मंगळवारी ते स्वतः बॅटर म्हणून उभे राहिले, मागे जाळी बांधली. दहा चेंडू आत गेले. दहा, स्पृहा-सान. अकराव्याला ते खाली पडले.

स्पृहा : बाळाजी पडले?

तोकुनागा : लगेच उठले, हसले, हेल्मेट दाखवून हाताने सांगितलं की काही नाही. तेव्हापासून तीन दिवस मी चेंडू हातात घेतलेला नाही. घरी शब्दही काढला नाही. तुम्ही त्यांना नीट विचारा. हेल्मेटला लागला, की त्यांना?

स्पृहा : बाळाजी, मंगळवारी तुम्हाला चेंडू लागला?

बाळाजी : हेल्मेटला. खडाक् केलं आन् ग्येला. सांगा त्येंला, हेल्मेटला.

स्पृहा : नक्की?

बाळाजी : तुमी सांगा की ताई. तेवडं ऐकलं की मोकळं हुतील.

स्पृहा : हेल्मेटला लागला म्हणतात, तोकुनागा-सान.

तोकुनागा : त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा.

स्पृहा : ते रस्त्याकडे बघतायत. बाळाजी. बाळाजी, ट्रक. डावीकडे ट्रक आहे.

बाळाजी : आं?

स्पृहा : इकडे घ्या. उजवीकडे. इकडे.

बाळाजी : घेतली, घेतली. ग्येला त्यो.

स्पृहा : किती वेळ हॉर्न देत होता तो. तुमच्या कानाशी.

बाळाजी : काच बंद हाय ना.

स्पृहा : माझीही बंद आहे, आणि मी पलीकडे बसलेय. तुमच्यामागे बसून तोकुनागा-साननी तुम्हाला दोनदा हाक मारली मघाशी, तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. टोपी काढा.

बाळाजी : ऊन लागतंय ओ.

स्पृहा : गाडी बाजूला घ्या.

बाळाजी : उशीर हुईल.

स्पृहा : दादा, गाडी बाजूला घ्या. मला भीती वाटतेय.

बाळाजी : घेतो. त्या कोल्ड स्टोअरम्होरं घेतो. रडू नका.

तोकुनागा : का थांबलो?

स्पृहा : पाणी घ्यायला. तुम्ही जरा आणता का, तोकुनागा-सान? तीन बाटल्या. सावकाश आणा.

तोकुनागा : तुमचे डोळे लाल झालेत.

स्पृहा : एसीमुळे.

बाळाजी : ग्येलं का सायेब?

स्पृहा : गेले. काढा टोपी. अरे देवा. दादा, हे काय आहे?

बाळाजी : सूज हाय थोडी.

स्पृहा : कानामागे सगळं काळंनिळं झालंय. मानेपर्यंत. हेल्मेट कुठं होतं तुमचं?

बाळाजी : हुतं की. शाहिदचं, टाइलवाल्याचं. क्रिकेटचं. जरा ढिलं हुतं, पट्टा तुटलेला. म्या वाकलो तवा म्होरं सरकलं.

स्पृहा : का वाकलात?

बाळाजी : त्येच तर. आमच्यात बॉल डोसक्याकडं आला की वाकायचं, तो वरनं जातो. न्हानपनापासनं त्येच केलं. सायेबांचा बॉल वरनं येतो आन् बॅटजवळ आला की खाली बसतो. जो वाकंल त्येचं डोस्कंच बॉलच्या वाटंत येतं. त्येनी मला आधीच हातानं दावलं हुतं, वाकायचं न्हाई, गिरकी घ्यायची, पाठ द्यायची. म्या मान डोलवली. दहा बॉलला ध्यान ऱ्हायलं. अकराव्याला अंगानं ऐकलं न्हाई.

स्पृहा : आणि कान?

बाळाजी : शिट्टी वाजतीया. डाव्यातनं ऐकूच येत न्हाई. मधीच गरगरतंय. परवा सकाळी उठलो आन् पाच मिंटं समजंना ह्यो गुदैबियाचा फ्लॅट हाय का गावाकडचं घर. रुपालीला हाका मारत हुतो. ती तिकडं, म्या हिकडं.

स्पृहा : आणि मॅडमच्या मुलीला शाळेत सोडत होतात तुम्ही?

बाळाजी : न्हाई. तेवडं पाप न्हाई केलं. दोन दिस टायरचं निमित्त सांगितलं, मॅडमनी टॅक्सी केली. आज सायेबांना कोन आननार म्हनून बसलो गाडीत.

स्पृहा : आम्हा दोघांना घेऊन. डॉक्टर?

बाळाजी : डॉक्टर लिवून देनार, गाडी चालवायची न्हाई. मंग ड्रायव्हरचं व्हिसा कशाला ठिवतील? पन त्ये पुढचं. आदी आजचं हुदे. तुमी सायेबांना सांगू नका ताई. सांगितलं तर ते आयुष्यात बॉल हातात घ्यायचं न्हाईत.

स्पृहा : आणि आज तिथे बॅटर म्हणून कोण उभं राहणार आहे?

बाळाजी : मीच की. त्यो दुबईवाला आननार हाय कुनीतरी, पन सायेबांचा हात दुसऱ्याम्होरं उचलायचा न्हाई.

स्पृहा : डोक्याला मार लागून तीन दिवस झालेत, दादा. आत रक्त साचत असेल तर पुढचा चेंडू लागायचीसुद्धा गरज नाही.

बाळाजी : मला ठाव हाय. मला काय भ्या वाटत न्हाई व्हय? रोज रातच्याला उजव्या कुशीवर झोपतो आन् इचार करतो, सकाळी उठंन का.

स्पृहा : मग ऐका माझं. मघापासून मी तुमच्याशी खोटं बोलले, त्यांच्याशीही खोटं बोलले. दोघांना बरं वाटावं म्हणून. आणि आत्ता आपण ट्रकखाली जात होतो. किल्ली द्या इकडे. माझं लायसन्स आहे. आता तुम्ही जे बोलाल ते मी जसंच्या तसं त्यांना सांगणार. तुम्ही नाही बोललात तर मी माझ्या मनाने सांगेन, आणि ते तुमच्याइतकं चांगलं सांगता येणार नाही मला.

बाळाजी : आले बगा त्ये.

तोकुनागा : पाणी. बाळा-सानची टोपी कुठे आहे?

स्पृहा : थांबा, तोकुनागा-सान. ते काही सांगतायत. बोला, दादा.

बाळाजी : सांगा त्येंला. बॉल हेल्मेटला न्हाई लागला. कानामागं लागला. म्या वाकलो. बॉल झ्याक हुता. उभा ऱ्हायलो आसतो तर छातीजवळनं निगून ग्येला आसता. चूक माजी हाय. सांगा.

स्पृहा : चेंडू हेल्मेटला लागला नाही, कानामागे लागला. मी वाकलो. चेंडू उत्तम होता. उभा राहिलो असतो तर छातीजवळून निघून गेला असता. चूक माझी आहे. असं ते म्हणतात.

तोकुनागा : वळायला सांगा त्यांना. मला बघू दे.

स्पृहा : दादा, डावा कान दाखवा त्यांना.

तोकुनागा : तीसुद्धा हेच म्हणाली होती. तोच पुढे उभा राहिला, चूक त्याचीच, माफ करा. मी ज्याला मारतो तो माझी माफी मागतो. स्पृहा-सान, मैदानावर फोन करा. मी येत नाही. आजच नाही, कधीच नाही.

बाळाजी : आवो, त्ये रडत्यात का? काय सांगितलंत तुमी?

स्पृहा : तुम्ही बोललात तेच. ते म्हणतात, तुम्हीही त्या मुलाच्या आईसारखीच माफी मागताय. आता ते कधीच खेळणार नाहीत.

बाळाजी : मापी? कोन मागतंय मापी? ताई, म्या रागात हाय. माज्यावर रागात हाय, तीस वरसं खेळून एक वाकायचं सोडवंना म्हनून. आन् त्येंच्यावर बी हाय. तीन दिस पाचला उठून म्या भिताडाजवळ मोजा घालून बसतोय. डोस्कं गरगरतंय आन् बसतोय. आन् ह्ये दार लावून आत. येऊन एकदा तरी बगायचं का न्हाई, ह्यो मानूस जित्ता हाय का म्येला? मला बॉल लागला त्येचं काय न्हाई. आले न्हाईत त्येचा राग हाय. सांगा. समदं सांगा.

स्पृहा : तोकुनागा-सान, ते माफी मागत नाहीयेत. ते रागावलेत. स्वतःवर आणि तुमच्यावर.

तोकुनागा : माझ्यावर?

स्पृहा : तीन दिवस ते पहाटे पाचला भिंतीजवळ मोजा घालून तुमची वाट बघत बसले होते. डोकं गरगरत असताना. तुम्ही दार लावून घेतलंत. हा माणूस जिवंत आहे की मेला हे बघायलासुद्धा आला नाहीत. चेंडू लागला त्याचं त्यांना काही नाही. तुम्ही आला नाहीत याचा राग आहे.

तोकुनागा : पुन्हा सांगा.

स्पृहा : तुम्ही आला नाहीत याचा त्यांना राग आहे.

तोकुनागा : बरोबर आहे. त्यांना सांगा, बरोबर आहे. आणि गाडी हॉस्पिटलकडे घ्या. आधी ते.

बाळाजी : आता काय म्हनत्यात?

स्पृहा : राग बरोबर आहे म्हणतात. मागे बसा दोघं. त्यांच्या खांद्यावर डोकं टेका, दादा, आणि झोपू नका. काहीही झालं तरी झोपू नका.

•

स्पृहा : उताणे पडून राहा, दादा. स्कॅनचा रिपोर्ट यायला तासभर लागेल. सिस्टर काय म्हणाली ते ऐकलंत ना? उलटी झाली, झोप यायला लागली, एकाचे दोन दिसायला लागले, की त्याच क्षणी तिला सांगायचं.

बाळाजी : ऐकलं. किती वाजलं?

स्पृहा : सव्वाचार.

बाळाजी : आन् सायेब हितंच उभं? अम्मार गाडी घिऊन भाईर थांबलाय न्हवं?

तोकुनागा : मी रिपोर्ट आल्याशिवाय हलणार नाही.

स्पृहा : रिपोर्ट आल्याशिवाय जाणार नाही म्हणतात.

बाळाजी : सांगा त्येंला, हितं उभं राहून माजं डोस्कं बरं हुत न्हाई. त्येनी मापी मागायची न्हाई, म्या बी मागनार न्हाई. मला बॉल पायजे. त्यो अकरावा. त्योच, तसाच, आत. अम्मारला सांगा, फोन जाळीमागं धर. म्या उजव्या कानानं ऐकतो.

स्पृहा : तोकुनागा-सान, ते म्हणतात, माफी नको. तोच अकरावा चेंडू पाहिजे, तसाच आत. फोनवरून ऐकणार आहेत.

तोकुनागा : तिथे उभा राहणारा माणूस अनोळखी आहे. अमेरिकन नौदलातला कुणीतरी. तो वाकला तर?

स्पृहा : दादा, तिथला बॅटर वाकला तर, असं विचारतात.

बाळाजी : त्येचा खेळच त्यो हाय. त्यो न्हाई वाकायचा. वाकनारा म्या हुतो. आता म्या हितं झोपलोय.

स्पृहा : तो त्याच खेळात वाढलाय, तो वाकणार नाही. वाकणारा इथे झोपलाय, म्हणतात.

तोकुनागा : मला भीती वाटतेय, हे त्यांना सांगू नका.

स्पृहा : त्यांना माहीत आहे, तोकुनागा-सान. त्यांनाही वाटतेय.

तोकुनागा : बाळा-सान. आत.

बाळाजी : आत, सायेब. यल्ला. जावा आता.

स्पृहा : गेले. धावत गेले. आयाको मॅडमना मी फोन केलाय, त्या येतायत. तुमच्या व्हिसाचं काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, त्यांना एकटं सोडू नका. रुपालीवहिनींना लावू?

बाळाजी : रिपोर्ट येऊंदे. घाबरंल ती. तुमी माज्या ह्या बाजूला बसा. हां. हात धरलात तर चालंल.

स्पृहा : धरलाय केव्हाचा. दादा, माझ्याकडे बघत राहा. झोप येतेय का?

बाळाजी : न्हाई.

स्पृहा : वीस मिनिटं झाली ते गेल्याला. मळमळतंय?

बाळाजी : न्हाई ओ. फोन वाजतोय का बगा.

स्पृहा : अम्मारच आहे. स्पीकरवर टाकते. म्हणतो, जाळीमागे उभा आहे. बॅटर खांबासारखा उंच आहे. तोकुनागा-सान आलेत. चेंडू हातात घेतलाय.

बाळाजी : गप ऱ्हावा. ऐकू द्या.

स्पृहा : आला आवाज.

बाळाजी : भाईर.

स्पृहा : कसं कळलं?

बाळाजी : मोज्याच्या कडेला लागला. मधी बसला तर आवाज घट्ट येतो. इचारा अम्मारला.

स्पृहा : बाहेर म्हणतो अम्मार.

बाळाजी : ह्यो बी भाईर. ह्यो बी.

स्पृहा : किती झाले?

बाळाजी : सात. समदे भाईर. त्यो बॅटर आता म्होरं सरकला आसंल.

स्पृहा : अम्मार म्हणतो, सरकलाय. आणि तो लीगचा माणूस घड्याळ बघतोय. दादा, तुमचा हात गार पडलाय.

बाळाजी : एसी हाय. मोजा तुमी.

स्पृहा : चौदा. पंधरा. सोळा. बाहेरच. सतरा. तोकुनागा-सान थांबलेत म्हणतो. पाठ करून उभे आहेत. बॅटरला हाताने काहीतरी दाखवतायत.

बाळाजी : काय दावत्यात?

स्पृहा : गिरकी घेऊन. पाठ वळवून. दोनदा दाखवलं म्हणतो. तो बॅटर हसला.

बाळाजी : हसूंदे त्येला.

स्पृहा : अठरा. बाहेर. दादा, डोळे उघडे ठेवा. बोला माझ्याशी.

बाळाजी : उगडेच हायत. एकोनीस?

स्पृहा : बाहेर. आता एकच.

बाळाजी : ऐकू द्या.

स्पृहा : हा आवाज कसला?

बाळाजी : अम्मार काय म्हनतो?

स्पृहा : काहीच बोलत नाहीये. अम्मार? अम्मार, काय झालं?

बाळाजी : ताई, पडला का त्यो?

स्पृहा : थांबा. अम्मार, बॅटर कुठे आहे? ... उभा आहे म्हणतो.

बाळाजी : वाकला हुता?

स्पृहा : नाही. पाठ वळवली म्हणतो. चेंडू त्याच्या छातीजवळून आला आणि मोज्यात बसला. लीगचा माणूस त्यांना म्हणतोय, तसाच अजून एक टाक.

बाळाजी : मंग आत हुता.

स्पृहा : आत होता, दादा. आतच होता.

बाळाजी : झ्याक. आता फोन ठिवा, आन् सिस्टरला हाक मारा ताई. मघाधरनं मला तुमी दोन दिसताय.